सुपारीसुद्धा न खाणारा माणूस

नोकरीत शेकडो घरांच्या झडत्या घेतल्या. त्यातली एक झडती आजही आठवते, आणि आठवली की राग येतो. आधी ज्याच्यामुळे ती झाली त्याचा, मग चाळीचा आणि शेवटी माझा स्वतःचा. स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली, तरी हा क्रम बदललेला नाही.

लालबागच्या एका जुन्या चाळीतली ही गोष्ट आहे. चाळीत बहुतेक घरं कोकणातली. गणपतीला अर्धी चाळ गावाला जाते आणि जाताना घराच्या चाव्या एकाच बाईकडे ठेवते. ही बाई पालिकेच्या रुग्णालयात आया होती, आता निवृत्त. सगळे तिला मावशी म्हणतात. ती बौद्ध असल्यामुळे तिच्या घरी गणपती नाही आणि गावाला जायची घाईही नाही. ती सणात हमखास मुंबईत असते, म्हणून चाव्या तिच्याकडे. तीस वर्षांची ही पद्धत. दाराआडच्या फळीला तिने खिळे मारून घेतले होते आणि प्रत्येक खिळ्याखाली खडूने खोली नंबर लिहिला होता.

त्या वर्षी गणपतीच्या सातव्या दिवशी एक कुटुंब गावाहून परतलं. नवरा फोर्टातल्या एका कंपनीत कारकून. चाळीच्या भजनात पखवाज वाजवणारा, शांत माणूस. बायको गावाला जाताना सोनं नेत नसे. प्रवासात जोखीम नको म्हणून सोनं कपाटात ठेवायचं आणि गौरीपुढे खोटे दागिने घालून मिरवायचं, असा तिचा शिरस्ता. परत येऊन कपाट उघडलं तर मंगळसूत्र, पाटल्या आणि सासूने दिलेली मोहनमाळ गायब. ती तक्रार द्यायला ठाण्यात आली तेव्हा तिच्या अंगावर प्रवासातलीच साडी होती.

आम्ही गुन्हा नोंदवला, घटनास्थळाचा पंचनामा केला. कडी, कोयंडा, कुलूप सगळं शाबूत. कपाटाला ओरखडा नाही. म्हणजे दार चावीने उघडलं होतं. चाळीतल्या दोन-तीन पुरुषांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, चाव्या कोणाकडे असतात ते तुम्हाला कळलंच असेल." त्यातला एक म्हणाला, "आम्ही भरवसा ठेवला हो, पण शेवटी त्यांचं ते..." आणि वाक्य तिथेच सोडलं. ते वाक्य पुढे कुठे जाणार होतं, हे मला कळत होतं. मी त्याला ते तिथेच पूर्ण करायला लावायला हवं होतं. मी वहीत मान घालून पुढच्या जबाबाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या लँडलाइनवर निनावी फोन आला. आवाज दाबलेला होता. "चाव्यावाल्या बाईच्या घरात पिठाच्या डब्यात बघा." ड्युटीवरच्या हवालदारांनी फोनला जोडलेल्या कॉलर आयडीच्या डबीवर उमटलेला नंबर कागदावर टिपून माझ्यापुढे ठेवला.

गणपतीत लालबागच्या ठाण्यात निम्मं मनुष्यबळ बंदोबस्तावर असतं आणि उरलेलं बंदोबस्ताच्या बैठकांत. अनंत चतुर्दशी तोंडावर होती. हातातला गुन्हा एका झडतीत निकाली निघत असेल तर काढून टाकू, असं मला वाटलं. हे कारण झालं, सबब नव्हे. नंबर कोणाचा हे बघायला दहा मिनिटं लागली असती. ती मी खर्च केली नाहीत.

दुपारी दोन पंच, एक महिला शिपाई आणि मी मावशीच्या दारात. गॅलरी भरली. कोणी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने, कोणी नुसतंच. मावशीने अडवलं नाही. म्हणाली, "बघा, बाई. चपला तेवढ्या बाहेर काढा." आम्ही पिठाचे डबे परातीत रिकामे केले. गादीची शिवण उसवली. काही मिळालं नाही. पंचनाम्यात "काही एक मिळून आले नाही" असं लिहून तिची सही घेतली.

सही करून तिने फळीवरच्या चाव्या काढल्या आणि आमच्यादेखत गॅलरीतून दारोदार जाऊन ज्याच्या-त्याच्या हातात ठेवल्या. ज्या घरांची माणसं अजून गावाला होती त्यांच्या चाव्या माझ्यापुढे केल्या. "ह्या तुमच्याकडे ठेवा. आता सरकार बघेल."

मग ती म्हणाली, "एक विचारू? ज्याचं सोनं गेलं त्याला काही विचारलंत का?"

"का?"

"वहिनी पोरांना घेऊन सकाळच्या एसटीने गेली, चावी मला देऊन. हा ऑफिसातून परस्पर संध्याकाळची गाडी धरणार होता. पण दुपारी आला. चार्जर राहिला म्हणाला, चावी घेतली आणि पाऊण तासाने परत दिली."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलंच नाही. पीठ आधी सांडलंत."

मी ठाण्यात परतले आणि तो टिपलेला नंबर शोधायला लावला. फोर्टातल्या एका कंपनीच्या स्वागत कक्षाचा निघाला. ह्याच माणसाच्या कंपनीचा.

रविवारी सकाळी त्याला बोलावलं. त्याआधी हवालदारांना चाळीत पाठवून शेजाऱ्यांशी सहज गप्पा मारायला सांगितलं. जबाबात माणसं तोलून बोलतात, थट्टेत खरं बोलतात. हवालदार हसत परत आले. "मॅडम, ह्याची चाळीत वेगळीच ख्याती आहे. सार्वजनिक संडासात मोबाईल घेऊन जातो तो तासभर येत नाही. एक जण म्हणतो, ह्याचं बूड आत टेकलं की आम्ही बादली घेऊन खालच्या मजल्यावर जातो. दुसरा म्हणतो, ह्याला तिथेच रेशनकार्ड काढून द्या."

मला हसू आलं नाही. आणखी विचारलं तेव्हा कळलं, की तो चाळीतल्या बऱ्याच जणांकडून उसने घ्यायचा आणि प्रत्येकाला वेगळं कारण सांगायचा. एकाला आईचं ऑपरेशन, दुसऱ्याला पोरीची फी. भजनात मध्येच पखवाज सोडून बाहेर जायचा. कधी सगळ्यांना आइस्क्रीम आणायचा, कधी आठवडाभर कोणाशी बोलायचा नाही. प्रत्येकाला एकेक तुकडा माहीत होता. सगळ्या चाळीत तो फक्त विनोदाचा विषय होता.

तो नीट इस्त्रीचा शर्ट घालून आला. चोरी झालेला माणूस ठाण्यात आला की पहिलं विचारतो, "काही लागलं का?" ह्याने सोन्याचा विषयच काढला नाही. पंधरा मिनिटांत दोनदा बाथरूमला जायची परवानगी मागितली. फोन पालथा मांडीवर, अंगठा त्याच्या कडेवर सारखा फिरतोय.

"मोबाईल टेबलावर ठेवा."

"ऑफिसचा फोन येईल, मॅडम."

"रविवारी?"

त्याने ठेवला. मी चाळीबद्दल, गावाबद्दल, पखवाजाबद्दल बोलत राहिले. त्याची नजर फोनवरून हलेना. कपाळावर घाम. गर्दुल्ल्यांना मी अशा अवस्थेत पाहिलं होतं. धडधाकट माणसाला असं पहिल्यांदाच पाहत होते. तेवढ्यात स्क्रीन उजळला. संदेश एका सोनेतारण कर्ज देणाऱ्या कंपनीचा होता. मी तो मोठ्याने वाचला. त्यात कर्ज घेतल्याची तारीख कुटुंब गावाला गेलं त्याच दिवसाची होती.

तो टेबलावर दोन्ही हात पसरून बसला. मग म्हणाला, "गौरी विसर्जनाच्या आत सोडवून आणणार होतो."

"कशातून?"

"गेम आहे, मॅडम. पत्त्यांचा. आणि मॅचवर लावायचा दुसरा. जुगार नाही तो. स्किल लागतं."

"तुमच्याकडे आहे का स्किल?"

त्याने टेबलावरचे हात मागे घेतले.

"निनावी फोन तुम्हीच केलात."

"हो."

"मावशीचं नाव का घेतलंत?"

त्याने दिलेलं उत्तर मी शब्दशः लिहिते. "तिच्याकडे काही सापडणारच नव्हतं ना, मॅडम. मग तिला काय होणार होतं?"

पोलीस खात्यात बत्तीस वर्षांत मी बरंच ऐकलं आहे. इतकं साधेपणाने बोललेलं क्रूर वाक्य क्वचितच ऐकलं.

बायकोला बोलावून सांगितलं तेव्हा तिने मानायलाच नकार दिला. "त्यांना कसलंच व्यसन नाही हो. दारू सोडा, सुपारीसुद्धा खात नाहीत. वास येईल ना काहीतरी." आमच्याकडे व्यसन म्हणजे बाटली, तोंडाला वास आणि गटाराशेजारी पडलेला माणूस. वास न येणारं व्यसन बायको, आई, शेजारी, पोलीस, कोणालाच ओळखता येत नाही. ते बनवणाऱ्यांना हे बरोबर माहीत होतं. तेव्हा त्या गेमच्या जाहिराती घरोघर टीव्हीवर चालायच्या. नामवंत चेहरे हसत आमंत्रण द्यायचे आणि शेवटी, सवय लागू शकते हा इशारा कोणाला ऐकूही जाऊ नये अशा वेगाने उरकायचे. मटक्याच्या अड्ड्यावर आम्ही धाडी घालत होतो, आणि हा अड्डा प्रत्येकाच्या खिशात परवानगीने बसला होता. आता कायदा कडक झाला आहे. ज्यांना सवय लागली ते आडवाटा शोधतात.

संध्याकाळी त्याचा थोरला भाऊ आणि चाळीतले दोन ज्येष्ठ आले. भाऊ म्हणाला, "झाला ता झाला, मॅडम. पोरीचा लगीन करूचा आसा. घरातली गोष्ट घरात ऱ्हवांदेत." सोनं भावाने सोडवून आणलं. तक्रार देताना बायकोला खरं माहीत नव्हतं, म्हणून गैरसमजातून तक्रार असं ठरवून प्रकरण बंद करायचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. नवऱ्याकडून स्टॅम्पपेपरवर हमीपत्र घेतलं, पुन्हा खेळणार नाही असं. दम भरला. काम संपलं असं समजले.

मावशी दोन दिवसांनी आली. खुर्चीवर बसली नाही.

"मला लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"मी घेतलं नाही असं."

"मावशी, तुमच्यावर गुन्हा दाखलच नव्हता. त्यामुळे तसा कागद निघत नाही."

"झडतीचा कागद निघाला ना? त्यावर माझं नाव आहे, सही आहे. ज्याने घेतलं त्याचं नाव कुठे आहे?"

ज्याच्यावर आरोप ठेवला जातो त्याला कोर्ट निर्दोष सोडू शकतं. ज्याच्यावर नुसता संशय घेतला जातो, त्याची सुटका करणारा कागद आमच्या कुठल्याच कपाटात नाही. मी म्हटलं, चाळीला कळेल हळूहळू. ती म्हणाली, "चाळीला एवढंच कळलंय, की सोनं मिळालं. कुठून मिळालं, ते कोणी सांगत नाही." आणि गेली. पुढे ऐकलं, की नळावर ती आली की बोलणं थांबायचं.

चार महिन्यांनी तीच बायको माझ्यासमोर होती. कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांचे फोन तिच्या माहेरी जात होते. शिव्या, धमक्या. नवरा दोन दिवस घरी नव्हता, मग आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

"मॅडम, गावाला नेलं होतं त्यांना. देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बोलले होते. तरी?"

ती माझ्याकडे बघत होती, आणि मला माझा स्टॅम्पपेपर आठवला. तिने नारळ ठेवला होता, मी कागद. दोघींनीही त्याला आजारी माणसासारखं वागवलं नव्हतं.

मी त्या दोघांना घेऊन परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेले. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच घाईतल्या. त्यांनी त्याला उपदेश केला नाही, प्रश्न विचारले. ठरवूनही थांबता येत नाही असं किती वेळा झालं? खेळायला मिळालं नाही तर चिडचिड होते? झोप? हरलेलं परत मिळवायला लगेच पुन्हा खेळता? पूर्वीइतकी रक्कम लावून आता पुरत नाही? किती खेळता याबद्दल घरी खोटं बोलता? प्रत्येकाला त्याने मान हलवली. मग त्यांनी त्याच आवाजात विचारलं, "मरावंसं वाटतं?" तो म्हणाला, "त्या दोन दिवसांत करी रोडच्या पुलावर तीनदा उभा राहिलो होतो." बायकोने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

मी आजही लोकांना सांगते, हा प्रश्न विचारायला घाबरू नका. विचारल्याने कोणी मरत नाही.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून दोन गोष्टी सुनावल्या. "शपथ घेताना तो खोटं बोलत नव्हता. पण जुगाराची ओढ आली की शपथ आठवत नाही, त्याला त्या क्षणी करायचं काय हे शिकवावं लागतं. आणि भावाने कर्ज फेडलं, सोनं सोडवलं, ते त्याला जिंकल्यासारखंच वाटलं असणार. पाटी कोरी करून दिलीत तुम्ही."

उपचार नाट्यमय नव्हते. स्मार्टफोन काढून बटणांचा साधा फोन. पगार बायकोच्या खात्यात. पुन्हा कोणी नातेवाइकाने कर्ज फेडायचं नाही, हप्ते त्यानेच द्यायचे, पण बायकोच्या हातून. आठवड्यातून एकदा समुपदेशन. नैराश्यावर गोळ्या. शनिवारी दादरला एका शाळेच्या वर्गात त्याच्यासारखी माणसं बसत, तिथे जायचं. ओढ आली की घड्याळ लावून अर्धा तास फक्त टाळायचं, चालायचं, कोणाला तरी फोन करायचा. ओढ टिकून राहत नाही, ओसरते, हे त्याला अनुभवाने कळू लागलं. मध्ये एकदा घसरला. मेहुण्याचा फोन घेऊन खेळला. पण त्याच संध्याकाळी स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं. मी चिडले. डॉक्टर म्हणाल्या, "मधुमेहाचा पेशंट एकदा जिलबी खातो तेव्हा आपण दवाखाना बंद करतो का?"

पुढचा टप्पा त्याच्यासाठी सर्वात अवघड निघाला. ज्यांना इजा केली त्यांची यादी करून त्यांना खरं सांगायचं. उसने घेतलेल्यांना त्याने सांगितलं. बायकोला, भावाला सांगितलं. मावशीचं नाव यादीत सर्वात खाली होतं आणि तिथवर तो महिनोन्महिने पोचला नाही. आजारी माणसावर रागावू नये असं म्हणतात. मी रागावले. "आजार तुझा आहे," मी त्याला एकेरीत सुनावलं, "पण तिचं नाव तू आजारात घेतलं नाहीस. डोकं वापरून घेतलंस. ते तुझंच आहे."

गणपतीआधी चाळीच्या मंडळाची बैठक भरते. तिथे बोलतो म्हणाला. मलाही निरोप आला. मी साध्या साडीत मागे बसले. मावशीला बायको हात धरून घेऊन आली होती.

तो उभा राहिला. फार लांबण लावली नाही. "सोनं मीच नेलं होतं. जुगारासाठी. आणि पोलिसांना फोन करून मावशीचं नाव मीच सांगितलं. मी उपचार घेतोय. मावशी, मी तुमची माफी मागतो." मग बसला. कोणीतरी म्हणालं, "बस झालं रे, मोठ्या मनाचं काम केलंस." दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या. त्याच्यासाठी.

मावशी बसल्या जागेवरून बोलली. "ऐकलं मी. बरा हो." मग मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. "बाई, त्या दिवशी गॅलरीत किती माणसं होती? आज इथे किती आहेत? बाकीच्यांना कोण सांगणार? हा फोन करून मोकळा झाला होता. घरात तर तुम्ही शिरलात."

खोलीत सगळे माझ्याकडे वळले. तिचं म्हणणं बरोबर होतं. त्याने खोटी खबर दिली, पण खबर खरी की खोटी हे बघायचं काम माझं होतं. त्याच्याकडून मी माफी वसूल केली होती आणि स्वतःचा हिशोब सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, झडती घेतली त्याच सुमारास, मी गणवेश घालून चाळीत गेले. सोबत त्या वेळच्या महिला शिपाई होत्या. तळमजल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक दार वाजवलं आणि प्रत्येक दारात तेच सांगितलं. "गेल्या वर्षी मी ह्या चाळीत एका घराची झडती घेतली. ती चुकीच्या खबरीवर घेतली. त्या बाईंचा चोरीशी काही संबंध नव्हता. चूक माझी." कोणी पाणी विचारलं. कोणी म्हणालं, "आम्हाला माहीतच होतं, मॅडम, मावशी तशी नाही." अशांना मी विचारलं, "मग वर्षभर नळावर गप्प का होतात?" एका म्हाताऱ्याने दार लावून घेतलं. वाक्य अर्धवट सोडणारा माणूसही भेटला. त्याला मी दोनदा सांगितलं आणि त्याच्याकडून एकदा म्हणवून घेतलं.

शेवटी मावशीच्या दारात गेले. सगळ्यांना सांगून झाल्याचं बोलले.

"आता तुमच्याकडच्या वहीत लिहा," ती म्हणाली. "तोंडचं विसरतात लोक."

ठाण्यात येऊन मी स्टेशन डायरी मागवली. आमच्या वहीत हद्दीत कोण गेलं, कधी गेलं, का गेलं, सगळं लिहावं लागतं, त्यामुळे अशी नोंद करायला अडवणारा नियम नव्हता. मी स्वतः नोंद केली. चाळीचं नाव, वेळ, बाईंचं पूर्ण नाव, आणि खाली, त्यांच्या घराची झडती चुकीच्या माहितीवर घेण्यात आली, त्या चोरीत त्यांचा कोणताही सहभाग नव्हता, हे रहिवाशांना घरोघर जाऊन सांगितले.

हवालदारांनी खांद्यावरून वाचलं. "मॅडम, ही नोंद कुठल्या सदरात धरायची?"

"कुठल्याच नाही," मी म्हटलं. "नक्कल काढा. शिक्का मारून त्यांच्या घरी नेऊन द्या, आणि पोच घ्या."